रात्रीचा मोह संध्याकाळीच अडवायचा

प्रश्न थोडक्यात असा: "पाळकसाहेब, जय ख्रिस्त. मी 27 वर्षांचा आहे. मूळचा अहिल्यानगर जिल्ह्यातला, सध्या चाकणला एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला आहे आणि मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. लहानपणापासून मंडळीत वाढलो, तरुण संघात गिटार वाजवतो. रात्री मोबाइलवर अश्लील व्हिडिओ बघायची सवय लागली आहे. रविवारी रडून प्रार्थना करतो, शपथ घेतो आणि बुधवार-गुरुवारपर्यंत पुन्हा तेच. उपास केले, फोन फॉरमॅट केला, काही उपयोग नाही. आता मनात नुसता विचार आला तरी वाटते, आपण हरलो. प्रभुभोजन घ्यायची लाज वाटते. उपदेश खूप ऐकले, रोजच्या जगण्यात नेमके काय करायचे ते सांगा. घरचे लग्नाचे बघत आहेत. लग्न झाल्यावर हे आपोआप सुटेल का?"

जय ख्रिस्त, बाळा. हाच प्रश्न मी विवाहित पुरुषांकडून ऐकला आहे, मुलींकडूनही ऐकला आहे, आणि मंडळीत पुढे बसणाऱ्यांकडूनही. तू एकटा आहेस असे समजू नकोस. एकटे समजण्यामुळेच ही सवय इतकी घट्ट बसते.

आधी एक गाठ सोडवू. विचार मनात आला की आपण हरलो, असे तू धरून चालला आहेस. ते खरे नाही. इब्री लोकांस पत्राचा चौथा अध्याय सांगतो की आपल्या प्रभूचीही सर्व प्रकारे आपल्यासारखीच परीक्षा झाली, तरी तो निष्पाप राहिला. म्हणजे मोह होणे हे पाप नव्हे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचे एक संन्यासी होऊन गेले. त्यांनी हे फार नेमके सांगितले आहे: विचार येऊन त्रास देतील की नाही हे आपल्या हातात नाही, त्यांना आत मुक्काम करू द्यायचा की नाही हे आपल्या हातात आहे. हा फरक तुला रोज लागणार आहे. जो विचार येताक्षणीच स्वतःला हरलेला मानतो, तो पुढे लढतच नाही. 'आता गेलेच आहे, तर बघूनच टाकू' असे मन म्हणते आणि खरी हार तिथे होते.

आता मुख्य गोष्ट. तुझी प्रार्थना खोटी नाही, तुझे अश्रूही खोटे नाहीत. पण तू लढायला उभा राहतोस ती वेळ चुकते आहे. रात्री साडेबाराला, अंगावर पांघरूण, दार बंद, हातात फोन, रील्स सुरू होऊन पाऊण तास झालेला, आणि तेव्हा तू म्हणतोस, "प्रभू, मला बळ दे." त्या घडीला माणसाचा निश्चय दिवसभरातला सर्वांत दुबळा असतो. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली तर कसे व्हायचे? तुझ्या रात्रीचा निकाल रात्री लागत नाही, संध्याकाळीच लागलेला असतो, कधी कधी तर सकाळीच.

दावीद राजाची गोष्ट तुला पाठ असेल, पण 2 शमुवेल 11 पुन्हा काढ आणि पहिलेच वचन नीट वाच. राजे लढाईला जातात त्या ऋतूत दावीदाने आपला सेनापती यवाब याला आणि सैन्याला पाठवले आणि स्वतः यरुशलेमेत राहिला. जिच्याशी त्याने पुढे व्यभिचार केला ती बथशेबा अजून कुठेच नाही. संध्याकाळी पलंगावरून उठून गच्चीवर फेऱ्या मारणे तर त्यानंतरचे. आपण नेहमी गच्चीपासून गोष्ट सांगतो, शास्त्र मात्र ती न गेलेल्या लढाईपासून सांगते. याकोबानेही पहिल्या अध्यायात हाच क्रम लावला आहे: माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो, भुलतो, वासना गर्भवती होते, मग पापाचा जन्म. जन्मापर्यंत थांबलास तर उशीर झालेला असतो.

म्हणून पहिले काम उपासाचे नाही, नोंदीचे आहे. एक साधी वही घे. फोनमध्ये लिहू नकोस. पुढचे दोन आठवडे, मोह जोरात आला की, मग तू पडलास किंवा उभा राहिलास तरी, दुसऱ्या दिवशी सकाळी चार ओळी लिही: वार आणि वेळ, कुठली शिफ्ट होती, पोटात काय होते, आणि त्याआधीच्या दोन-तीन तासांत काय घडले. पाप-पुण्याचा हिशोब मांडू नकोस, काय घडले तेवढेच. एका मुलाने अशी वही माझ्यापुढे उघडली होती, तिच्यातले एक पान मी विसरलेलो नाही. "मंगळवार. सेकंड शिफ्ट. डबा खाल्ला नाही, सुटल्यावर वडापाव. बाबांचा फोन, बहिणीच्या लग्नाचे कर्ज. रूममेट गावी. 12.20 ला रील्स." पुढच्या पानांवरही बाबांचा फोन पुन्हा पुन्हा येत होता. हा मुलगा माझ्याकडे वासनेवर उपाय मागायला आला होता. वहीत दिसत होती ती वडिलांपुढे गप्प बसून गिळलेली चीड आणि पैशाची भीती. ती घेऊन तो अंथरुणावर पडायचा आणि ती विसरायला त्याला एकच रस्ता ठाऊक होता. आम्ही मग वासनेबद्दल थोडे बोललो आणि कर्जाबद्दल बरेच बोललो. वडिलांशी कधी आणि कसे बोलायचे ते ठरवले. फोन रात्री घ्यायचा नाही, सुट्टीच्या दिवशी दुपारी आपणच करायचा. एवढ्याने सगळे संपले असे नाही, पण त्याच्या सर्वांत कठीण रात्री कमी झाल्या.

तुझ्या वहीत काय निघेल ते मला माहीत नाही. दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या गटांत चार गोष्टींवर लक्ष ठेवायला शिकवतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याच्या वाट्याला या चारही एकाच रात्री येऊ शकतात. 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा रतामाच्या झाडाखाली मरण मागत पडला होता. देवदूताने त्याला बोध केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातले. देवाशी त्याचे बोलणे झाले ते नंतर, होरेब डोंगरावर. म्हणून सेकंड शिफ्टहून आल्यावर आधी नीट जेव, आंघोळ कर, झोपेची वेळ ठरव. यात अध्यात्म कमी आहे असे मानू नकोस. देवाने एलीयाची सुरुवात तिथूनच केली.

आता फोन. तू तो फॉरमॅट केलास आणि त्याच रात्री उशाशी ठेवलास, असेच ना? आतले पुसून जागा तीच राहिली. फोन रात्री झोपायच्या खोलीत असणार नाही, हा एक नियम बाकी सगळ्या नियमांपेक्षा मोठा. चार्जर स्वयंपाकघरात किंवा हॉलमध्ये लाव. गजरासाठी फोन लागतो ही सबब मी फार ऐकली आहे, बाजारातून गजराचे साधे घड्याळ आण. रात्री कंपनीचा फोन येण्याची शक्यता असेल तर हॉलमध्ये रिंग मोठी करून ठेव, ऐकू येईल. बाथरूममध्ये फोन न्यायचा नाही. ज्या ॲपवरून घसरण सुरू होते ते काढून टाक. बहुतेकांची घसरण थेट अश्लील साइटवर सुरू होत नाही, रील्सवर सुरू होते. अँड्रॉइडमध्ये डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनमध्ये स्क्रीन टाइम आहे, त्यांत वेळेची मर्यादा घालता येते. आयफोनमधल्या मर्यादेचा पासकोड तुझ्याऐवजी मित्राने टाकावा. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये खाजगी डीएनएस नावाची सोय असते, तिथे प्रौढ मजकूर अडवणाऱ्या फॅमिली फिल्टरचा पत्ता टाकता येतो. क्लाउडफ्लेअर ही कंपनी असा फिल्टर फुकट देते. हे सगळे फोडता येते, मला माहीत आहे. फिल्टरचे काम तुला पवित्र करण्याचे नाहीच. तुझ्या आणि पापाच्या मध्ये दोन-तीन मिनिटांचे अंतर पाडणे एवढेच त्याचे काम, आणि त्या दोन-तीन मिनिटांत माणूस शुद्धीवर येऊ शकतो.

काही भाविकांना असले उपाय अविश्वासाचे वाटतात. "पवित्र आत्मा असताना पासकोड कशाला?" असे मला तोंडावर विचारले गेले आहे. पौल रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात शेवटी सांगतो: प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करा आणि देहवासना तृप्त करण्यासाठी तरतूद करू नका. दोन्ही गोष्टी एकाच वचनात आहेत. उशाशी ठेवलेला फोन ही तरतूद आहे. ती काढून टाकणे म्हणजे आज्ञापालन. आणि ते करायचे बळ कृपेनेच मिळते, म्हणून पासकोड आणि पवित्र आत्मा यांत निवड करायची वेळच येत नाही.

'मी तिथे असेन, पण बघणार नाही' या बेतापासून विशेष सांभाळ. चौथ्या शतकातले ख्रिस्ती धर्मगुरू ऑगस्टीन यांनी आपला जवळचा मित्र अलिपियस याची हकिगत सांगितली आहे. अलिपियस रोममध्ये कायदा शिकत होता आणि तलवारबाजांच्या रक्तरंजित खेळांची त्याला शिसारी होती. एके दिवशी सोबत्यांनी त्याला ओढून प्रेक्षागृहात नेले. तो म्हणाला, माझे शरीर न्याल, पण डोळे आणि मन कसे न्याल? तो जाऊन बसला आणि त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. मग आखाड्यात कोणीतरी पडला, लोकांचा प्रचंड गलका उठला, आणि काय झाले ते बघावे, बघून तुच्छ मानावे, अशा विचाराने त्याने डोळे उघडले. त्या क्षणापासून तो त्या नशेत बुडाला, पुन्हा पुन्हा जाऊ लागला, इतरांनाही नेऊ लागला. डोळे मिटले होते, कान उघडे होते आणि स्वतःवरचा भरवसा तर सताड उघडा. पुढे देवाने त्याला सोडवले, तो उत्तर आफ्रिकेतल्या थागस्ते गावाचा बिशप झाला. पण सोडवणूक झाली ती त्याच्या खंबीर मनामुळे झाली नाही. योसेफाचे बघ. उत्पत्ती 39 म्हणते, त्याचा धनी पोटीफर याची बायको त्याला रोज आपल्याबरोबर निजायला म्हणत असे, आणि तो तिचे ऐकत नसे, तिच्याजवळ राहतही नसे. एक दिवस तिने वस्त्र धरले, तर तो वस्त्र तिच्या हातात टाकून बाहेर पळाला. तिला समजावत बसला नाही.

पळताना तोंडात काय असावे, तेही आधीच ठरव. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात प्रभूने सैतानाला तीनदा उत्तर दिले आणि तिन्ही वेळा जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या-आठव्या अध्यायातले वचन दिले. एकेका ओळीचे उत्तर. हव्वेने सर्पाशी संभाषण केले, प्रभूने केले नाही. एव्हाग्रियस यांनी तर वेगवेगळ्या वाईट विचारांना द्यायची शेकडो वचने निवडून एका ग्रंथात लावून ठेवली होती. तुला शेकडो नकोत. तीन-चार पुरेत, पण ती तुझ्या नेमक्या जागेवर बसणारी हवीत. एकटेपणा असेल तर स्तोत्र 139 मधले, भीती असेल तर स्तोत्र 27 मधले, डोळ्यांसाठी ईयोब 31 मधले पहिले वचन, जिथे ईयोब आपल्या डोळ्यांशी करार करतो. कागदावर लिही, मोठ्याने म्हण. नुसते मनात म्हटलेले वचन त्या वेळी निसटते. आपल्याकडे तर आणखी सोपे आहे: 'उपासना संगीत' या आपल्या भजनांच्या पुस्तकातली रेव्हरंड टिळकांची भजने तुझ्या आजीला तोंडपाठ असतील. तू गिटार वाजवतोस. मोह आला की खोलीबाहेर येऊन एखादे भजन आवाज काढून गा. रूममेट काय म्हणतील याची काळजी नको, विचारले तर म्हणावे, झोप येत नव्हती.

आणि 'जर-तर' वाक्ये तयार कर. "रात्री अकरानंतर हात फोनकडे गेला, तर मी उठून पाणी पिईन, गॅलरीत जाईन आणि अमक्याला फोन करीन." मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 1990 च्या दशकात याचा बराच अभ्यास केला. 'मी चांगला वागेन' अशा मोघम निश्चयापेक्षा 'असे घडले तर मी हे करीन' असा ठरवून ठेवलेला निश्चय जास्त वेळा पार पडतो, असे त्यांना दिसले. ओढ कायम चढत राहते, असे त्या घडीला वाटते. प्रत्यक्षात ती चढते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तुला रात्रभर लढायचे नाही, तेवढा वेळ जागा बदलून काढायचा आहे.

आता त्या 'अमक्या'बद्दल, कारण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त फरक इथे पडतो आणि आपल्या मंडळ्यांत हेच सर्वांत कमी घडते. याकोब 5:16 म्हणते, एकमेकांजवळ आपली पातके कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. कॅथलिक बांधवांना कबुलीच्या संस्काराची सोय आहे, फादर कानावर पडलेले एक अक्षर बाहेर काढू शकत नाहीत. त्यांनी तिचा पुरेपूर उपयोग करावा. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ही सोय मुद्दाम उभी करावी लागते, आणि अडचण खरी आहे: मंडळ्या लहान, सगळे एकमेकांचे नातेवाईक, आज कोणाच्या कानात सांगितलेले रविवारपर्यंत गावभर. मी ही भीती हसण्यावारी नेत नाही. म्हणून माणूस निवडताना घाई करू नकोस. पुरुष असावा, तुझ्यापेक्षा थोडा मोठा, शक्यतो नात्यातला नसलेला, दुसऱ्या मंडळीतला असला तरी चालेल. दुसऱ्यांच्या गोष्टी तो तुला सांगत असेल, तर तुझ्याही तो दुसऱ्याला सांगेल, असा माणूस नको. ऐकून हादरणारा नको आणि 'चालायचेच' म्हणणाराही नको.

मग वेळ ठरव. 'गरज पडली तर फोन करीन' हे कधीच होत नाही, कारण गरज असते तेव्हाच लाज सर्वांत जास्त असते. आठवड्यातला एक वार, एक वेळ, दहा-पंधरा मिनिटे. काय बोलायचे याचा नमुना मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी 1738 मध्येच घालून दिला आहे. त्यांच्या छोट्या गटांत दर आठवड्याला एकमेकांना विचारत: मागच्या भेटीनंतर कोणते पाप केले हे तुला ठाऊक आहे? कोणता मोह आला? त्यातून कसा सुटलास? तिसरा प्रश्न गाळू नकोस. पडल्याची कबुली द्यायला आपण शिकतो, पण सुटल्याची साक्ष द्यायला विसरतो, आणि सुटलो कसे हे सांगताना पुढच्या वेळचा रस्ता दिसतो. तपशील सांगायची गरज नाही. काय पाहिले हे सांगू नकोस, पाहिले एवढे सांग.

तुझ्या पत्रात एक गोष्ट मला कुठे दिसली नाही: रात्रीच्या त्या तासात तुला करायला दुसरे काय आहे? मत्तय 12 मध्ये प्रभूने त्या घराची गोष्ट सांगितली, जे झाडून सजवून रिकामे ठेवले होते, आणि गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात घेऊन परतला. सोडण्याबरोबर भरणेही हवे. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल चोराला 'चोरी सोड' एवढे सांगून थांबत नाही. हातांनी काम कर, म्हणजे गरजवंताला द्यायला तुझ्याजवळ काही असेल, असेही सांगतो. चोरणारा हात देणारा व्हावा. तुझ्या हातात गिटार आहे. चाकणच्या आसपास तुझ्यासारखी किती ख्रिस्ती मुले खोल्यांवर एकटी राहत असतील! ज्या संध्याकाळी शिफ्ट नसेल तेव्हा त्यांतल्या दोघा-तिघांना जेवायला बोलाव, एक भजन म्हणा, एक अध्याय वाचा. हे मी तुझे मन रमावे म्हणून सांगत नाही. तू सांभाळलेला माणूस तुला सांभाळतो.

आणि पडलास तर? पडशील, बहुधा. पुढच्या काही महिन्यांत एखाद्या रात्री पडशील. त्यानंतरची दहा मिनिटे फार महत्त्वाची, कारण 'एवीतेवी पडलोच' म्हणून माणूस एका घसरणीची आठवडाभराची घसरण करतो. लगेच फोन बाहेर नेऊन ठेव, तोंड धू, 1 योहान 1:9 वाच, देवाजवळ एका वाक्यात कबुली दे आणि झोप. सकाळी वहीत चार ओळी लिही आणि त्याच दिवशी त्या मित्राला कळव. मोठ्या शपथा घेऊ नकोस, तीन-तीन दिवसांचे उपास जाहीर करू नकोस. स्वतःला शिक्षा देऊन फेडायचे हे कर्ज नाही, ते वधस्तंभावर फेडले गेले आहे. प्रभूला अटक झाली त्या रात्री पेत्र आणि यहूदा दोघेही पडले: यहूदाने त्याला धरून दिले, पेत्राने त्याला नाकारले. यहूदा एकटा गेला आणि त्याने गळफास घेतला. पेत्र रडला, पण पुन्हा इतर शिष्यांतच जाऊन राहिला, त्यांच्याबरोबर मासे धरायला गेला, आणि तिथे किनाऱ्यावर प्रभू त्याला भेटला. आणि पेत्र पडण्याआधीच प्रभूने त्याला सांगून ठेवले होते, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. लूक 22 मध्ये ते आहे.

म्हणून प्रभुभोजनापासून दूर राहू नकोस. 1 करिंथ 11 मध्ये पौल म्हणतो, माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे. परीक्षा करून घरी बसावे, असे तो म्हणत नाही. पाप लपवून, ते चालूच ठेवायचे ठरवून मेजाजवळ जाऊ नये, हे खरे. पण जो कबूल करतो आहे, झगडतो आहे, मदत मागतो आहे, त्याच्यासाठीच ते मेज मांडले आहे. गिटार वाजवण्याबद्दल मात्र तुझ्या पाळकांशी एकांतात बोल आणि ते काही काळ थांब म्हणाले तर मान्य कर, ती शिक्षा समजू नकोस.

हेच धोरण इतर मोहांनाही लागू आहे, दोन शब्दांत सांगतो. मंडळीचे पैसे हाताळणाऱ्याने एकट्याने दानपेटी उघडू नये, दोघांनी मोजावे, दोघांनी सही करावी, आणि यूपीआयचा कोड मंडळीच्या खात्याचाच असावा. 2 करिंथ 8 मध्ये पौलाने वर्गणी नेताना सोबत इतर बंधू घेतले ते याचसाठी, कोणाला दोष काढायला जागा राहू नये म्हणून. दारू सोडलेल्याने हळदीला आणि लग्नाला जावे, पण कोणाबरोबर जायचे आणि किती वाजता निघायचे हे घरीच ठरवून. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये, त्यात जिवाला धोका असतो.

तुझ्याबाबतीतही एक मर्यादा सांगून ठेवतो. दिवसाचे कित्येक तास यात जात असतील, कामावर परिणाम होत असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, बोलण्याचे पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. प्रार्थनेवर विश्वास कमी आहे म्हणून माणूस डॉक्टरकडे जात नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

राहिले लग्न. नाही, लग्नाने हे आपोआप सुटत नाही. सुटेल या आशेने केलेल्या लग्नांतून आलेली दुःखे मी ऐकत आलो आहे, आणि त्यांत सर्वांत जास्त भरडली जाते ती बायको. ही सवय शरीराच्या भुकेपेक्षा एकटेपणाशी, ताणाशी आणि लपवण्याशी बांधलेली असते, आणि त्या तिन्ही गोष्टी लग्नानंतरही माणसाबरोबर घरात येतात. कोणाची मुलगी हे तुझ्या आजाराचे औषध नाही. म्हणून घरच्यांना सांग, अजून काही महिने थांबा, कारण सांगायची गरज नाही. वही, फोनची जागा आणि आठवड्याचा तो फोन, या तीन गोष्टी नीट बसल्या आणि तुझी पावले बऱ्यापैकी स्थिर झाली की स्थळे बघा. साखरपुड्याआधी मुलीला ही गोष्ट सांग. तपशिलाशिवाय, पण लपवाछपवी न करता: मला ही सवय होती, मी अशी अशी मदत घेतो आहे, अमुक माणसाला मी उत्तर देतो. ती नाही म्हणाली तर तो तिचा हक्क आहे. ते कसे बोलायचे याची तयारी तुझ्या पाळकांबरोबर करता येईल, विवाहपूर्व समुपदेशन त्यासाठीच असते. चाकणहून पुण्याला येणे जमत असेल तर माझ्याकडेही ये, तुझ्या घरी कोणाला कळवायची गरज नाही. येताना वही घेऊन ये.